अप्पाने रिदम मशीन का घेतली नाही

महेशचा फोन आला तेव्हा मी भाकरी खाऊन नुकताच आडवा झालो होतो. "काका, अप्पा गेले," एवढंच तो म्हणाला. आणि मी काय बोलावं? मी विचारलं, "कोणते अप्पा?" सेलूच्या बाजारात दर तिसऱ्या दुकानात एक अप्पा बसलेला असतो हे खरं, पण महेशच्या तोंडून अप्पा म्हटल्यावर दुसरा कोण असणार होता... त्याचा बाप, वैजनाथअप्पा. आमच्या पार्टीचा मालक, पेटीवाला, माझा उभ्या जन्माचा जोडीदार. परभणीहून मिळेल त्या गाडीने सेलू गाठलं तर अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. लिंगायतांच्या रीतीप्रमाणे अप्पाला बसवलं होतं. कपाळभर विभूती, गळ्यात हार, डाव्या हातात इष्टलिंग. मी समोर जाऊन बसलो आणि त्या हाताकडेच बघत राहिलो. मागे कुणीतरी बाहेरगावच्या पाहुण्यांना हलक्या आवाजात माझी ओळख करून देत होतं: "हे मधुकरराव. ढोलकीवाले. ह्यांच्यासाठीच अप्पानं त्या टायमाला मशीन घेतली न्हाई बघा." मयताच्या दारातसुद्धा माझी तीच ओळख! मी मान खाली घातली. ती गोष्ट खरी नाही हे सांगायची ती जागा नव्हती. आता काही आठवडे उलटलेत, रडून झालंय, म्हणून लिहायला बसलोय.

आम्ही मूळचे सेलूचे नाही. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि अठ्ठ्याहत्तर साली गावोगाव जे झालं ते आमच्या खेड्यातही झालं. वडिलांनी फार चर्चा केली नाही. जेवढं उचलता आलं तेवढं उचललं आणि आम्हाला घेऊन सेलूला आले. कापसाच्या जिनिंगमध्ये त्यांना काम मिळालं, आम्हाला तिथेच लागून एक खोली मिळाली. घरातली भांडी मात्र गावातच राहिली होती. आई मला घेऊन घागर घ्यायला बाजारात गेली, ते दुकान अप्पाच्या वडिलांचं. भांडं वाजवून घ्यायचं हा आपला रिवाज. मी घागर मांडीवर घेतली आणि चीर बघता बघता बोटं चालायला लागली. गल्ल्यावर माझ्याच वयाचा एक गोरागोमटा पोरगा बसला होता. त्याने शेजारची परात ओढली आणि तिच्यावर गाणं म्हणायला सुरुवात केली. आई म्हणाली, "घागर घ्यायची का तमाशा करायचा?" त्यावर अप्पाचा बाप म्हणाला, "बाई, घेऊन जा घागर आन ह्या दोघायलाबी." आमची पार्टी खरं तर त्या दुकानातच जन्मली. नाव ठेवायचं तेवढं राहिलं होतं.

नाव ठेवलं 'स्वरझंकार'. अप्पा पेटी वाजवायचा आणि गायचाही, मी ढोलकी, आणि हिंदी गाण्यांना शकीलभाई. लग्न, बारसं, उरूस, जयंती, बसवजयंती, कुणाचंही बोलावणं आलं की आम्ही एसटीच्या टपावर सामान टाकून निघायचो. वालूरला गेलो, पार पालमपर्यंत गेलो. ते दिवस साधे नव्हते. मोर्चे निघायचे, बंद पाळले जायचे, बाजारात माणसं एकमेकांकडे आधी आडनावाने बघायची. अशात एक लिंगायत, एक बौद्ध आणि एक मुसलमान एका सतरंजीवर बसून गातात, याचंच लोकांना अप्रूप. काही ठिकाणी जेवायला मला वेगळं बसवू बघायचे. अप्पा काही भाषण द्यायचा नाही. आपलं ताट उचलून माझ्या शेजारी येऊन बसायचा आणि वाढप्याला म्हणायचा, "इकडं वाढा, आमचा ताल इकडं हाय." ही गोष्ट मी विसरलेलो नाही. पुढे जे लिहिणार आहे ते वाचताना वाचकांनीही विसरू नये.

मग कॅसेटचा जमाना आला. लोकांना गाणं कॅसेटमध्ये वाजतं तसंच मांडवात पाहिजे होऊ लागलं. सुपारी द्यायला आलेला माणूस पहिला प्रश्न विचारायचा, "तुमच्याकडं मशीन हाय का?" परभणीच्या एका पार्टीने रिदम मशीन आणली होती. बटण दाबलं की ड्रम आपोआप वाजायला लागत. आमची कामं त्यांच्याकडे वळायला लागली. अप्पाने घरात शब्द टाकला, बापाने होय-नाही करत कबूल केलं, पण एकच वस्तू. दोन नाहीत. आता सिंथेसायझर घ्यायचा की रिदम मशीन, यावर भांड्यांच्या दुकानात रोज खल. सिंथेसायझर आला तर पेटीचं काय, आणि रिदम मशीन आली तर ढोलकीचं काय, हे दोन्ही प्रश्न कुणी तोंडाने विचारत नव्हतं. शकीलभाई तेवढा म्हणायचा, "कुछ भी लाव मियाँ, मेरा गला मशीन में नक्को डालो!" 

खरेदीला मुंबई-पुणं आम्हाला सुचलंच नाही. आमच्याकडची मोठी खरेदी हैदराबादला, बाप-आजापासून. लहान रुळांच्या गाडीने मी आणि अप्पा रात्रभर अवघडून गेलो. तिथल्या कोठी भागात वाद्यांचं मोठं दुकान होतं. मालक म्हातारा, पान खाणारा. त्याने दोन्ही वस्तू शेजारी शेजारी मांडल्या. सिंथेसायझर लांबलचक, पेटीसारख्याच पट्ट्या, वर खुंट्याच खुंट्या. एक फिरवली की बासरी, दुसरी फिरवली की कुठल्याच वाद्यासारखा नसलेला आवाज. रिदम मशीन मात्र एवढीशी, टिफिनच्या डब्याएवढी. म्हाताऱ्याने मला दाखवलं, की आतले ठेके आहेत ते आहेतच, पण आपला ठेका आपणही बसवू शकतो. एक-एक बटण, एक-एक ठोका. "आप जो बोलोगे वोइच बजाती, मियाँ. थकती नै, चाय नै मांगती." मी बसलो. जिनिंगमध्ये सरकी वेगळी करणाऱ्या यंत्राचा जो आवाज ऐकत मी त्या खोलीत वाढलो होतो, तो ठेका मला बोटांनी कधी पकडता आला नव्हता. दोन हातांचं ते काम नव्हेच. त्या बटणांवर तो मी बसवला. आधी जड ठोका, मध्ये दातांचा कर्रकर्र, आणि वरून पट्ट्याचा फटका. म्हाताऱ्याने चालू केलं आणि दुकानात आमच्या सेलूचं जिनिंग धडधडायला लागलं! माझ्या अंगावर काटा आला. ढोलकी वाजवताना मला आनंद व्हायचा, पण असा कधी झाला नव्हता. ढोलकी मला येत होती. हे मला सुचलं होतं.

मला ती मशीन पाहिजे होती. ढोलकी सुटेल याची मला जराही भीती वाटली नव्हती. पण मी मालक नव्हतो, खरेदी अप्पाची होती. मी वळून म्हणणार, तेवढ्यात अप्पा सिंथेसायझरपाशी उभा होता तो म्हणाला, "हेच बांधा." मग माझ्याकडे न बघताच म्हणाला, "आपल्याला ढोलकी हाय की. मशीन कशाला?" त्या आवाजात एवढी माया होती की मी गप्प बसलो. जो माणूस आपली पेटी बाजूला सारून माझी ढोलकी राखतोय, त्याला, मला ते नकोय, असं कोणत्या तोंडाने सांगणार? परतीच्या गाडीत तो खोकं मांडीवर घेऊन झोपला आणि मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

स्टेशनवर आमचं एकच खोकं उतरलं आणि आम्ही घरी पोचायच्या आत सेलूत गोष्ट झाली. अप्पानं दोस्तासाठी मशीन सोडली! दुसऱ्या पार्ट्या वाजवणाऱ्यांना घरी बसवायल्यात, पण अप्पानं आपल्या माणसाला सोडलं न्हाई. त्या वर्षांत अशी गोष्ट लोकांना पाहिजेच होती. सगळीकडून नुसत्या वाईट बातम्या यायच्या, त्यात ही एक बरी. आमच्या वस्तीतल्या जयंतीच्या कार्यक्रमात एका पुढाऱ्याने माईकवरून अप्पाचं कौतुक केलं आणि हार घालायला मलाच बोलावलं. मी घातला. टाळ्या वाजल्या. अप्पाने मान एवढी खाली घातली होती की हार डोक्यातून जाईना. मला वाटलं, केवढा हा विनय! वडील घरी आल्यावर म्हणाले, "मधू, ह्या माणसाला कधी उलटून बोलू नको." आणि मी खरंच कधी बोललो नाही. पैशावरून नाही, गाण्यांच्या क्रमावरून नाही, कशावरूनच नाही. घागर आणि परात वाजवताना आम्ही एकमेकांना शिव्या घालायचो, ते बंद झालं. मैत्री तीच होती, पण तिच्यात आता एक वर आणि एक खाली होता. उपकार ही अशी वस्तू आहे की देणाऱ्याला ती आठवत नाही आणि घेणाऱ्याला ती खाली ठेवता येत नाही, असं मी तेव्हा मनाशी म्हणायचो. देणाऱ्याला किती आठवत होती ते पुढे कळलं.

सिंथेसायझरची मात्र गंमतच झाली. पेटीवाल्याचा डावा हात भात्यावर चालतो, उजवा पट्ट्यांवर. विजेच्या वाद्याला भाता कुठला? पण अप्पाचा डावा हात ऐकेना. गाणं रंगात आलं की तो आपोआप मागे जाऊन हवेतच भाता मारायला लागायचा. वऱ्हाडी म्हणायचे, "अप्पा, माशा हाकलायलात का वाजवायलात?" त्यातून वैशाखातली लग्नं. आमच्याकडचा उन्हाळा त्या यंत्राला सोसेना. ते तापलं की त्याचा सूर वर चढायचा आणि शकीलभाई खालीच राहायचा. मग मांडवातला एकुलता एक कूलर नवरदेवाकडून मागून आणून आम्ही यंत्राकडे वळवायचो. नवरदेव घामाघूम, सिंथेसायझर गार! एका सासऱ्याने यावरून मोठं भांडण काढलं होतं. आम्ही हसायचो, मीही हसायचो. पण परभणीच्या पार्टीतला ढोलकीवाला आता त्यांची रिदम मशीन चालवायचा आणि स्वतः ठेके बसवायचा, हे कुणी सांगितलं की मी विषय बदलायचो. बसल्या जागी माझी बोटं गुडघ्यावर जिनिंगचा ठेका शोधायची. तो ढोलकीवर निघत नव्हता.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत नामांतराचा निर्णय झाला त्या संध्याकाळी आमच्या गल्लीत माणूस घरात थांबला नव्हता. अप्पा पेढ्यांचा पुडा घेऊन आला. आईच्या पाया पडला, वडिलांच्या फोटोसमोर पेढा ठेवला. मग ओट्यावर माझ्याजवळ बसला. "मधू, तुला एक सांगायचं हाय..." म्हणाला. तेवढ्यात पोरं आली, त्याला ओढून नाचायला घेऊन गेली. नंतर मी विचारलं, तर म्हणाला, "काय न्हाई रे, इसरलो." पार्टी तोवर मोडलीच होती. लोकांना आता माणसंच नको होती, नुसते स्पीकर पाहिजे होते. मी परभणीला नोकरीत रुळलो, अप्पा दुकानात. सणाला भेटायचो, एकमेकांची पोरं लग्नाला आली म्हणून हसायचो. मानाने वागायचो. आमच्यासारख्या दोघांनी मानाने वागावं यासारखी वाईट गोष्ट नाही.

यंदा पावसाळ्याआधी परभणीच्या त्याच जुन्या ढोलकीवाल्याने घर आवरायला काढलं आणि त्याची रिदम मशीन मला विकली. भंगारच म्हणायचं, पण चालत होती. अप्पाची तब्येत बिघडल्याचं कळलं होतं. मी ती पिशवीत घालून सेलूला गेलो. त्याला खाटेवर उशीला टेकवून बसवलं होतं. मशीन बघून तो हसला. "आता आणलास व्हय? आता तर फोनमदी वाजतंय सगळं." वहिनींनी माळ्यावरून पेटी काढून दिली, धूळ पुसून त्याच्यापुढे ठेवली. मी साधा ठेका लावला आणि त्याने आमच्या कार्यक्रमाचं पहिलं गाणं धरलं. सूर तसाच होता... पण समेवर तो मागे राहिला. ठेका पुढे निघून गेला. पुन्हा धरलं, पुन्हा तेच. मला वाटलं, आजाराने हात जड झालाय. मी मशीन बंद करायला गेलो तर त्याने हात धरला.

"आजारानं न्हाई रे," अप्पा म्हणाला. "हैदराबादला बी असंच झालतं. तू त्या डबड्यात घुसला होतास. मी शेजारी उभं राहून सिंथेसायझरवर तिच्यासंगं वाजवून बघितलो. सम येतच न्हवती. मशीन फुडं, मी मागं. तवाच कळलं, मला ताल न्हाई."

"काय बोलतोस? एवढी वर्षं वाजवलंस की."

"तुझ्यामुळं. मी मागं राहतो म्हणून तू थांबतोस. दर समेच्या आदी, केसभर. मी आलो की मंग ठोका टाकतोस. तुला म्हाईत बी न्हाई."

मला खरंच माहीत नव्हतं. मी म्हटलं, "मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? पार्टीचा मालकच बेताल हाय, असं? आन मंग लोकं बोलाय लागले, अप्पानं दोस्ताला सोडलं न्हाई... ग्वाड लागलं रे. त्या दिसात तर लयच ग्वाड. हार घालून घेतला मी तुझ्या हातून. त्याच्यानंतर हिंमतच न्हाई झाली. मशीन मी माझ्यासाठी सोडली, मधू. तुझ्यासाठी न्हाई."

मग मीही सांगून टाकलं, की मला ती मशीनच पाहिजे होती. "आरं तिच्यायला..." एवढंच अप्पा म्हणाला आणि आम्ही दोघं असे हसायला लागलो की वहिनी पीठ लागलेल्या हातानेच बाहेर आल्या. "काय झालं, मधूभाऊ? त्यांला ठसका लागंल, नका हसवू," म्हणाल्या. त्याला ठसका लागलाच. मी पाणी पाजलं आणि शेवटच्या गाडीची वेळ झाली म्हणून निघालो.

गाडीत मात्र राग आला. जसजशी परभणी जवळ येत गेली तसतसा वाढत गेला. नुसत्या मशीनीचा नव्हता तो. माझ्या बापाने मला ज्याच्यापुढे मान वर करू दिली नाही, ज्याच्या गळ्यात मी सगळ्या वस्तीदेखत हार घातला, त्याला उलट माझीच गरज होती! आम्ही बरोबरीचे होतो, पहिल्या दिवसापासून होतो, आणि हे त्या वर्षांत मला कुणीतरी सांगायला पाहिजे होतं. दुसऱ्या कुणापेक्षा त्याने. मी ठरवलं, पुढच्या खेपेला जायचं आणि अप्पाशी सडकून भांडायचं. घागर-परातीच्या दिवसांत भांडायचो तसं, शिव्या देऊन, वहिनींनी चहा आणून ठेवेपर्यंत. मला त्या भांडणाची ओढ लागली होती. बोलायची वाक्यंसुद्धा मी मनात जुळवून ठेवली होती. पण घरात पाहुणे आले, मग पाऊस लागला, मग माझा गुडघा धरला... आणि मग महेशचा फोन आला. ताट घेऊन शेजारी येऊन बसणारा अप्पा खरा होता आणि हार घालून घेणाराही खराच होता. दोघांशीही मला अजून बोलायचं आहे. लोक म्हणतात, मेलेल्या माणसावर राग धरू नये. मी धरलेला नाही. तो भांडून संपवायचा होता, तेवढं राहून गेलं. याची हळहळ मला त्याच्या जाण्याहून जास्त आहे, आणि हे लिहायला मला लाज वाटत नाही.

गेल्या रविवारी आमच्या कॉलनीत एक बारसं होतं. शेजारची मुलगी कीबोर्ड छान वाजवते, तिने आग्रह केला म्हणून मी ढोलकी घेऊन बसलो. पोरीचा ताल पक्का, घड्याळासारखा. पहिला मुखडा आला आणि समेच्या आधी माझा हात थांबला. केसभरच. ती वेळेवर येऊन पुढे गेलीसुद्धा, माझा ठोका एकटाच मागून पडला. बायका पाळण्याकडे बघत होत्या, कुणाच्या ध्यानात आलं नाही. दुसऱ्या वेळी थांबायचं नाही असं मी ठरवलं, तरी हात थांबलाच. मुलीने वळून बघितलं आणि हळूच विचारलं, "काका, थांबायलात कशाला?"

"सवय हाय, बाळा. तू वाजव," मी म्हटलं. आणि पुढच्या समेला पुन्हा थांबलो.